काळा पडलेला कोष

सासऱ्यांच्या उजव्या खांद्याला शेक द्यायला मला रोज रुईची चार पानं लागत. पक्षाघातानंतर त्यांचा तो हात खांद्यापासून जड झाला होता. डॉक्टरांच्या गोळ्या आणि व्यायाम चालूच होते, पण तेल लावून तव्यावर गरम केलेलं पान खांद्याला बांधलं की त्यांना बरं वाटायचं, आणि त्यात नुकसान काही नव्हतं. पानांचा तोटाही नव्हता. आमचं घर उमरेड रोडवरच्या लेआउटमध्ये. शेजारचा प्लॉट कित्येक वर्षं रिकामा, मालक कुठेतरी दूर, आणि प्लॉटवर रुई, गाजरगवत आणि डुकरं. सकाळी मी कुंपणापलीकडे हात घालून पानं तोडायची आणि लगेच हात धुवायची. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी साडेसहापासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, दहाला लॅबमध्ये पोचायचं, दुपारी दोनला घरी. उपाशी बसलेली माणसं वाट पाहत असतात, त्यामुळे मी कधी उशीर करत नाही. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, आंघोळ, चहा, शेक, गोळ्या हे सगळं सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत उरकलेलं असतं. नवरा चंद्रपूरला नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. मी नसताना शेजारीण दोनदा डोकावून जाते. मामाजी काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालतात, पण बोलणं त्या वर्षी दिवसाला दहाबारा शब्दांवर आलं होतं. जीभ जड झाली होती हे एक कारण. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं हे दुसरं.

पानं पुसायचं काम मी त्यांना दिलं होतं. डाव्या हाताला काम आणि मला तेवढीच सवड. पोळा होऊन आठवडा झाला असेल. तवा तापला होता, मी मागे न पाहताच हात पुढे केला, आणि पान काही हातात येईना.

"मामाजी, पान द्या."

"थांब वं. याच्यावर किडा हाये."

"मग झटकून टाका."

"झटकत नाही," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांनी मला नाही म्हटलं नव्हतं.

मी चष्मा लावून पाहिलं. पानाच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढी अळी होती. अंगावर काळे आडवे पट्टे, आणि डोक्याकडे केसासारखी दोन बारीक शिंगं. शेजारी पानाला एक बारीक भोक पडलेलं. म्हणजे बाईसाहेबांचा नाश्ता झालेला होता. मी म्हटलं, बरं, ठेवून द्या, आणि उरलेल्या तीन पानांवर शेक उरकला.

दुपारी आले तेव्हा अळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत होती, पान धरून, आणि बरणीच्या तोंडावर त्यांचा रुमाल. डाव्या हाताने एवढं सगळं कसं जमवलं कोण जाणे. मी रुमाल काढून मच्छरदाणीचा तुकडा रबराने बसवला. हवा लागली पाहिजे.

"काय करता आता हिचं?"

"कोसा करेल. मग निंगेल. मले निंगताना पाह्यचं हाये."

इथे थोडं सांगायला हवं. सासऱ्यांचं घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. त्यांच्या लहानपणी घरात हातमाग होता. भंडाऱ्याकडच्या जंगलातले लोक कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोष, घेऊन येत. त्यांची आई ते सोडा घातलेल्या पाण्यात उकळून मांडीवर धागा काढायची. मुलांकडे कोसे कानाशी हलवून निवडायचं काम. तीन टोपल्या असत. चांगल्या टोपलीत जायचा तो कोसा, ज्याच्या आत किडा जिवंत आहे. दुसरी फुटक्यांची: आतला जीव भोक पाडून निघून गेला, धागा तुटला, माल वाया. तिसरी काळ्यांची. डाग पडला, काळपट झाला म्हणजे आत मेला आणि सडला. तो ताबडतोब वेगळा काढायचा, नाहीतर शेजारचेही खराब करतो. फुटका किंवा काळा कोसा चांगल्यांत सापडला तर वडील टोपलीनेच मारायचे. पुढे माग बंद पडला, मामाजी नागपूरला येऊन सूतगिरणीत लागले. हे सगळं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी, चारपाच दिवसांत सांगितलं. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात एवढं कधी सांगितलं नव्हतं.

"साऱ्या जिंदगीत कोसे पाहिले. निंगताना एकबी नाही पाहिला. जो निंगे तो जंगलातच निंगून जाये, आमच्या हाती त्याचं टरफल. आन् जो घरी येये त्याले माय पाण्यात टाके."

"आता पाहा मग," मी म्हटलं.

अळी खायची म्हणजे काय खायची. रोज एक ताजं पान पुरेना, मग दोन झाली. खाण्याआधी ती पानाची मधली शीर चावून ठेवी. चीक तिथून गळून जाई, आणि मग पुढचं पान ती निवांत खाई. हे मामाजींनी मला दाखवलं. मी रोज दहाजणांच्या शिरा शोधते, पण मला ते आपणहून दिसलं नसतं. आठदहा दिवसांत अळी करंगळीएवढी झाली. काळे, पांढरे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके, आणि काळ्या शिंगांच्या तीन जोड्या: पुढे, मध्ये, मागे. मधूनच एखादा दिवस खाणं बंद करून ढिम्म बसून राही. मला वाटायचं संपली. मामाजी म्हणायचे, "कात टाकते, गप राह्य." आणि दुसऱ्या दिवशी खरंच बाजूला चुरगळलेली कातडी पडलेली असे, आणि ही नवी कोरी, पुन्हा खायला तयार. बरणी साफ करायचं काम अर्थातच माझं. रोज मोहरीएवढ्या काळ्या लेंड्यांचा थर.

शनिवारी शेजारीण मारुतीसाठी रुईची पानं न्यायला आली. एकवीस पानांची माळ ती दर शनिवारी घालते. बरणी पाहून म्हणाली, "काहून वं, चांगली चांगली पानं तू या किड्याले घालून राहिली का? मारुतीले सारी भोकाभोकाची."

"मारुती पानं खात नाही," मी म्हटलं. "ही खाते."

"मामाजी, ऐका तुमच्या सुनेचं."

मामाजी हसले. तोंडाची उजवी बाजू त्या वेळी नीट उचलली जात नसे, तरी ते हसणंच होतं.

एके दिवशी अळी मच्छरदाणीवर चढली आणि उलटी लटकली, डोकं वर वळवून, आकड्यासारखी. चोवीस तास तशीच. मग मी लॅबमध्ये असताना पाठीची कातडी फाटली आणि आतून हिरवा कोष बाहेर आला. गुळगुळीत, पेपरमिंटच्या गोळीसारखा, वरच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांची ओळ. कोशाभोवती धागा नाही, वेष्टन नाही. मामाजींना ते जरा खटकलं. "उघडाच हाये," ते म्हणाले. पण रोज सकाळी आंघोळीआधी आणि नंतर बरणी उजेडाकडे धरून पाहायचे. मी त्यांना सांगितलं होतं की बरणी उजव्या हाताने धरली तरच पाहायला मिळेल. पकड जेमतेम होती, मी खालून हात देत असे. व्यायाम शिकवणारी बाई दोन महिने जे सांगत होती ते असं फुकटात होत होतं.

नवव्या दिवशी मी दुपारी घरी आले तर बरणी धुवून उपडी ठेवलेली.

"निघालं?" मी विचारलं.

"नाही. काळा पडला. आतून सडला." ते खिडकीकडे पाहत होते. "काढून टाकला."

"कुठे?"

"कचऱ्यात."

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. मला वाईट वाटलं, पण मी काही त्यात शहाणी नव्हते. काळा पडला म्हणजे सडला, हे मलाही पटलं. मी म्हटलं, जाऊ द्या, दुसरी अळी आणू.

रविवारी नवरा घरी होता. मी त्याला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो मोबाइलवर काहीतरी शोधत बसला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आला. आवाज बंद करून त्याने मला एक व्हिडिओ दाखवला. तसाच हिरवा कोष. शेवटच्या दिवशी तो गडद होतो, काळपट दिसतो, कारण त्याची साल काचेसारखी पारदर्शक होते आणि आतले मिटलेले पंख बाहेरून दिसू लागतात. नीट पाहिलं तर काळ्याच्या आत केशरी रंग होता. त्यानंतर काही तासांत फुलपाखरू बाहेर.

"बाबांना नको सांगू," नवरा म्हणाला. "काहून त्यांच्या जिवाला लावतेस?"

मी विचार केला, पोळ्या लाटेपर्यंत. माझ्या कामात रिपोर्ट जो असेल तो सांगावा लागतो. आणि दुसरा कोष आणला तर तोही काळा पडणार. तेव्हा काय करायचं? मी जेवणानंतर मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं.

"म्हणजे मी टाकला तो जिता होता," ते म्हणाले.

"हो."

"त्याच दिवशी निंगणार होता."

"हो, मामाजी. कदाचित कचऱ्यात निंगालाही असेल."

"कचऱ्याच्या गाडीत?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे त्याहून वाईट नजरेने पाहिलं.

दोन दिवस त्यांनी व्यायाम केला नाही. शेक नको म्हणाले. जेवण अर्धं. मी काही समजूत घातली नाही, मला ते येत नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर मी साडीचा पदर खोचला, गमबूट घातले आणि प्लॉटमध्ये शिरले. आतापर्यंत कुंपणावरून हात घालत होते, आत कधी गेले नव्हते. अर्ध्या तासात दोन अळ्या सापडल्या, दोन्ही अर्ध्या वाढलेल्या. आणि प्लॉटच्या चार कोपऱ्यांना चुन्याच्या ताज्या रेघा मारलेल्याही दिसल्या. मालक दसऱ्याला भूमिपूजन करणार, असं शेजारणीने सांगितलं. त्याआधी जेसीबी येऊन सगळं साफ. म्हणजे ह्या दोन शेवटच्या.

मामाजींनी अळ्या पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "पानं किती दिवस पुरतील?"

मी जेसीबीचं सांगून टाकलं. मग आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पानं फ्रीजमध्ये ठेवली, भाजीच्या कप्प्यात, मेथीशेजारी. रुईचा चीक आणि मेथी एका कप्प्यात, हे मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं असतं तर चार शब्द सुनावले असते.

पहिली अळी मेली. लटकली, पण कोष होण्याऐवजी काळी पडून लोंबू लागली, आणि तिच्यातून पांढऱ्या दोऱ्यावर दोन किडे खाली उतरले. मला किळस आली. मामाजींना मात्र आश्चर्य वाटलं नाही. "माशी लागली," ते म्हणाले. "कोश्यालेबी लागते. माशी अंगावर अंडी घालते, पोरं आतून खातात. याले काही इलाज नाही." हे दुःख त्यांच्या ओळखीचं होतं, त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी शांतपणे ती बरणी माझ्याकडे दिली.

दुसरी अळी पळाली. रबर सैल राहिलं होतं, चूक माझी. मी पलंगाखाली, पडद्यांमागे, चपलांत शोधलं. संध्याकाळी मामाजींनाच ती सापडली, व्हरांड्यात. पावसाळा संपला तरी कूलर अजून माळ्यावर चढवला नव्हता. त्याच्या लोखंडी स्टँडच्या आडव्या पट्टीखाली ती उलटी लटकली होती. तिला हलवायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिथे कोष होता, पण हिरवा नाही, फिकट गुलाबी.

"रंग बरा नाही," मामाजी म्हणाले, आणि लगेच, "पण मी हात लावणार नाही."

जेसीबी चार दिवसांनी आला. दुपारपर्यंत प्लॉट सपाट झाला. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "आता मारुतीले कोठून आणू वं पानं?" आणि मला विचारलं, "तुमचं ते लटकून हाये ना अजून?" म्हणजे तिलाही काळजी होती.

त्यानंतर मामाजींची खुर्ची व्हरांड्यात गेली. सकाळचा चहा तिथे, दुपारची डुलकी तिथे. नऊ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते, त्यांनी हाक मारली. हाक अशी होती की मी कोथिंबीर तशीच टाकून गेले.

"काळा पडला वं."

पडला होता. खूप काळा. मी वाकून चष्म्यातून पाहिलं तर आत केशरी दिसतंय असं मला वाटलं, पण संध्याकाळच्या उजेडात मी शपथ घेतली नसती. मामाजी ताठ बसले होते आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "केशरी दिसते, मामाजी."

"तुले दिसते ना? मग ठीक."

दुसऱ्या दिवशी माझे तीनच नमुने होते. दोन आमच्याच भागात, तिसरा धरमपेठेत, एक साखरेच्या रुग्ण आजी, साडेसातची वेळ. मी मामाजींची आंघोळ रद्द केली, पक्षाघातानंतर पहिल्यांदाच. त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून दिला, पाण्याची बाटली आणि काठी डाव्या बाजूला, शेजारणीला फोन. सव्वासहाला कोष तसाच होता. मामाजी पहाटे चारपासून जागे होते, मला माहीत होतं, कारण काठीचा आवाज मी ऐकला होता.

पहिले दोन नमुने झाले तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. स्कूटर धरमपेठेकडे वळवायची होती. मी ती घराकडे वळवली आणि चौकात थांबून आजींना फोन केला.

"आजी, अर्धा तास उशीर होईल. घरी अडचण आहे."

"मले चहा प्यायचा हाये ना वं बाई. डोकं धरलं माह्यं."

"अर्धा तास. त्याच्या वर एक मिनिट नाही."

फाटक उघडलं तर मामाजी झोपलेले. हनुवटी छातीवर, तोंड अर्धं उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. पहाटेपासूनच्या जागरणानंतर त्यांना इतकी गाढ झोप लागली होती की फाटकाच्या आवाजानेही हलले नाहीत. एरवी ते असे झोपले की मी चपला हातात घेऊन आत जाते, कारण त्यांची झोप हीच माझी विश्रांती. मी स्टँडखाली वाकून पाहिलं. आता शंकेला जागा नव्हती: केशरी पंख, काळी कड, पांढरे ठिपके, सगळं मिटवून आत भरलेलं. आणि खालच्या टोकाशी एक बारीक चीर पडलेली.

मी त्यांच्या डाव्या खांद्यावर चापट मारली, चांगली जोरात.

"मामाजी. उठा. निंगून राहिलं."

ते दचकले, काठी पडली. मी खुर्ची त्यांच्यासकट पुढे ओढली आणि चष्मा नाकावर चढवला. कोषाची साल दारासारखी उघडली. आधी पाय बाहेर आले, मग डोकं, मग एक ओला, चुरगळलेला, जाड पोटाचा जीव उलटा बाहेर पडून सालीलाच लटकला. पंख कसले, भिजलेल्या कापसाचे दोन बोळे. हे बिघडलेलं निघालं असंच मला वाटलं आणि मी मामाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. हळूहळू त्या बोळ्यांमध्ये काहीतरी भरायला लागलं, घड्या सुटत गेल्या, आणि दहाएक मिनिटांत ते पंख झाले. एक लालसर थेंब फरशीवर पडला.

"येवढं राहते वं त्याच्यात," मामाजी म्हणाले. मग म्हणाले, "माय उकळे ते हे."

"ते वेगळं, मामाजी. तो कोश्याचा पतंग, हे रुईचं फुलपाखरू."

"वेगळं असंल," ते म्हणाले. "निंगत तर असंच असंल."

शेजारीण कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती डोळ्याला पदर लावून होती, आणि मी तिला चहा ठेवायला सांगितलं. सात पंचवीसला मी निघाले. धरमपेठेच्या आजींकडे आठला पाच कमी असताना पोचले, त्यांनी मला दारातच बोलून घेतलं, आणि ते योग्यच होतं.

दुपारी आले तेव्हा फुलपाखरू उडून गेलं होतं. साडेनऊला, सपाट झालेल्या प्लॉटवरून पलीकडे, असं मामाजींनी सांगितलं. साल स्टँडला लटकलेली राहिली होती, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. स्टँड पुसायचा म्हणून मी ती चिमटीत धरली.

"टाकू नको," ते म्हणाले. "इकडे आण."

त्यांनी ती उजव्या तळहातावर घेतली. सवयीने कानाशी नेली, डाव्या हाताचा आधार देऊन, आणि हलवली. आत अर्थातच काही नव्हतं.

"फुटका," ते म्हणाले, आणि गोळ्यांच्या सात खणांच्या डबीचं रविवारचं झाकण उघडून ती आत ठेवली.

ती अजून तिथेच आहे. रविवारच्या गोळ्या मी आता शनिवारच्या खणात कागदाच्या पुडीत ठेवते, आणि दर आठवड्याला डबी भरताना ते झाकण उघडत नाही.